बिनडोळ्याचा कोंबडा

मामाजी, तुम्हाला नदीवर नेलं तेव्हा तुमचा कोंबडा आपल्या फ्रिजमध्ये होता. तुरा झालेला, चोचीखालचं लाल कातडं लोंबतं ठेवलेलं, मानेची तांबडी पिसं एकावर एक बसवलेली, शेपटीचा काळा झुपका वळवलेला. फक्त डोळे नव्हते. आणि दुसऱ्या दिवशी सुखदेवभाऊ मडावी तो न्यायला येणार होते.

घर रडत होतं आणि मी दर थोड्या वेळानं फ्रिजकडे पाहत होते. बायकांनी पाहिलंच असेल. म्हणाल्या असतील, सासरा गेला अन हिचं ध्यान कुठी हाये पाहा. ध्यान तिथंच होतं, लपवू कशाला! तो केक गेला नसता तर कोरचीच्या रस्त्यावरच्या एका गावात एका खऱ्याखुऱ्या कोंबड्याच्या मानेवर सुरी फिरणार होती, आणि एक पोरगी आपल्या वाढदिवसाला आकांत करणार होती. हे तुम्हाला पक्कं माहीत होतं. तरी तुम्ही डोळे न काढता गेले. मग मला राग येणार नाही तर काय येईल?

तुमची तेरवी अजून व्हायची आहे. अंगणात ताडपत्री टाकली आहे. लोक येतात, बसतात, सांगतात की मूर्तीवाले बाबा देवमाणूस होते. असतील बाप्पा. मला काही देवमाणूस भेटला नाही. मला भेटले ते माझ्या प्रत्येक कामात खोड काढणारे, तंबाखूच्या वासाचे, हट्टी सासरे. त्यांच्याशी माझं भांडण अर्ध्यावर राहिलं आहे आणि ते बोलून टाकल्याशिवाय मला तेरवीचा स्वयंपाक सुचणार नाही.

तुम्हाला आठवते ना, सुरुवातीला मी साधे गोल केक करत होते. मोबाइलवर पाहून शिकले. वडस्याहून क्रीम अन चॉकलेट आणायचं, वर फुलं काढायची, नाव लिहायचं, झालं. तुम्ही तेव्हा पडवीत बसून असायचे. जन्मभर मातीच्या मूर्ती केल्या, पोळ्याचे बैल केले, गणपती केले, शारदा केल्या. मग बाजारात साच्यातल्या मूर्ती आल्या, तुमचे गुडघेही गेले, आणि दिवसभर तंबाखू मळत येणाऱ्याजाणाऱ्याला हाक मारणं एवढंच काम उरलं. अशात मला ट्रॅक्टरच्या केकची ऑर्डर आली. अर्धा दिवस खपून मी एक ट्रॅक्टर उभा केला.

'हे काय होय? खाट हाये का?' तुम्ही दारातून विचारलं.

'ट्रॅक्टर हाये मामाजी.'

'मंग इंजन कुठी हाये? याच्यावर तं मानूस झोपते.'

माझ्या डोक्यात तिडीक गेली. म्हटलं, 'येवढं समजते तं या, करा!' रागात बोलले होते हो. सुनेचं असं बोलणं सासऱ्यानं मनावर घ्यायचं नसते. पण तुम्ही उठले, नळावर जाऊन कोपरापर्यंत हात घासून धुतले आणि सरळ माझ्या ओट्यापाशी आले. ज्या घरात सासरा स्वयंपाकघराच्या उंबऱ्याबाहेर खाकरून उभा राहते, त्या घरात! मी डोक्यावर पदर घेऊ का तुमच्या हातात सुरी देऊ, मला समजेना. सुरी दिली.

तुम्ही स्पंज बोटानं दाबून पाहिला, वास घेतला आणि म्हणाले, 'माती बरी हाये.' मग कापायला लागले. पाहता पाहता त्या खाटेतून इंजिन निघालं, मडगार्ड निघालं, मागची मोठी चाकं निघाली. 'मातीत लावत जा लागते,' तुम्ही स्वतःशीच बोलत होते, 'इथी काढत जा लागते.' त्या दिवसापासून माझा ओटा माझा राहिला नाही.

घोटाळे तुम्ही पण कमी केले नाही. तो बंगल्याचा केक आठवा. मी बाजारात गेले आणि तुम्ही त्याच्यावर ओलं पोतं घालून ठेवलं. काऊन, तर चिरा पडू नये म्हणून! मातीच्या मूर्तीला पडतात म्हणजे साखरेलाही पडतील. मी येऊन पाहते तर बंगल्याचं छत पाझरून राह्यलं, भिंतींचा रंग ओट्यावरून खाली चालला.

'अवो मामाजी, हे साखर हाये, साखर!' मी ओरडले.

तुम्ही त्या ओघळाला बोट लावलं, चाटलं आणि म्हणाले, 'हो, गोड तं हाये.'

हसू का रडू, अशी गत झाली माझी. रडलेच. मग दोघांनी बसून दुसरा बंगला केला आणि तुम्ही पूर्ण वेळ फुगून होते, जसं काही पोतं मीच घातलं होतं.

पण एक गोष्ट तुमच्यासारखी कोणातच नव्हती. काम होत आलं की तुम्ही केक हळूहळू फिरवायचे आणि विचारायचे, 'कुठी कमी हाये, सांग.' आणि थांबायचे. मी सांगेपर्यंत थांबायचे. या घरात माझं मत कोणी विचारत नव्हतं असं नाही, विचारायचे अन उत्तर यायच्या आत उठून जायचे. दिनेश तुमचाच मुलगा, तो तर प्रश्न विचारतानाच चपला घालते. तुम्ही मात्र उभे राहायचे. मी म्हणायची, डावा कान जड वाटते. तुम्ही डावा कान काढून पुन्हा करायचे. तोंडानं कुरकुरायचे, पण करायचे. मला त्याचं किती अप्रूप होतं हे मी कधी सांगितलं नाही. सांगायचं असते का असं सासऱ्याला? त्या थांबण्यापायी मी तुमचं सगळं सोसलं असतं. एक डोळे सोडून.

डोळ्यांना तुम्ही डोरेच म्हणायचे. ससा होता तो, तुमच्या हातचा पहिला जनावराचा केक. असा सुरेख की हात लावला तर उडी मारेल. सगळं झालं आणि तुम्ही ब्रश खाली ठेवला.

'डोरे राह्यले,' मी म्हटलं.

'डोरे नाई काढत मी.'

'काऊन?'

'कापतीन ना याले?'

'मंग काय पूजतीन? केक होय तो!'

'तेच तं सांगून राह्यलो. आखनी झाली का त्याच्यात पाहनारा येऊन बसते. मंग त्याले हत्यार लावत नाई. पूजा करा, नाई तं पान्यात सोडा. कापाचं असन तं डोरे नाई.'

आखणीच्या, म्हणजे डोळे काढायच्या दिवशी तुमचं काय चालायचं ते मी पाहिलं होतं. उपाशीपोटी आंघोळ, पडवीत कोणी बोलायचं नाही, दार लोटलेलं, आणि सगळ्यात शेवटी श्वास धरून मूर्तीचा एकेक डोळा. मूर्तीचं ठीक आहे. पण लहान लेकराच्या वाढदिवसाला आंधळा ससा कसा पाठवायचा? त्या दिवशी आपण दोघं एवढे भांडलो की दिनेश न जेवता ड्युटीवर निघून गेला.

शेवटी तोड निघाली. डोळे मी वेगळे करायचे, साखरेचे, आणि डबीत घालून सोबत द्यायचे. गिऱ्हाइकानं आपल्या घरी नेऊन चिकटवायचे. 'आपल्या घरी उघडले नाई म्हंजे झालं,' तुम्ही म्हणाले. मी म्हटलं, हा धर्म होय का पळवाट? तर म्हणता कसे, 'पळवाट पन वाटच असते, संगीता.'

ट्रॅक्टर, एसटी, शाळेची इमारत, असं काही असलं की तुम्ही खुशीत असायचे. मी मुद्दाम काडी करायची, 'मामाजी, हेडलाइट लावू का? का याच्यातही कोनी येऊन बसन?' तुम्ही मान वर न करता म्हणायचे, 'डायवर बसन.'

पण डबीनं एक दिवस माझं नाक कापलं. कोण्या पोराच्या काकानं सशाचे डोळे लावले, एक कानाच्या बुडाशी, एक नाकापाशी. तो तिरळा ससा अख्ख्या तालुक्याच्या मोबाइलवर फिरला, खाली माझ्या नावासकट. लोक रस्त्यात थांबवून विचारायचे, 'वहिनी, ससा मोहाची दारू लावून होता का?' माझ्या अंगाची लाही लाही झाली. तुम्ही मात्र तो फोटो पाहून पोट धरून हसले. तुमचं काय जात होतं! नाव तर माझं होतं.

म्हणून सुखदेवभाऊ आले तेव्हा त्यांनी बसायच्या आधी डोळ्यांचीच गोष्ट काढली. तुम्ही ओट्यापाशी स्टुलावर होते. त्यांनी मोबाइलमध्ये कोंबड्याचा फोटो दाखवला. त्यांच्या रोशनीनं अंड्यातून निघाल्यापासून वाढवलेला, राजा नावाचा. वाढदिवसाला पाहुणे येणार, घरातली बुढी म्हणते राजाच कापा, आणि पोरगी राजाला मिठी मारून बसलेली. मग बापानं मधला रस्ता काढला. केकचा कोंबडा आणतो, तो कापू, राजाला सोडू. बुढीनं अट घातली होती, राजासारखा असेल तरच मानीन.

'डबीतले डोरे नोको बाई,' सुखदेवभाऊ मला म्हणाले. 'इथूनच काढून द्या. बुढी लय कडक हाये. आमच्यात आंधरा-लंगडा कोंबडा देवालेबी चालत नाई. राजाच्या बदल्यात आंधरा कसा चालन?'

'डोरे काढले का कापता येत नाई, भाऊ,' तुम्ही म्हणाले.

त्यांना ते नवलच वाटलं. 'आमी तं डोरे पाहूनच देतो. चांगले पानीदार असले तंच.'

 कोणी चिडलं नाही, आवाज चढला नाही. दोघंही आपापल्या जागी पक्के आणि मध्ये मी, ऑर्डर घेऊन बसलेली. शेवटी तुम्ही म्हणाले, 'पाहू.' सुखदेवभाऊंना वाटलं होकार मिळाला. मला तुमचं पाहू माहीत होतं. नाही म्हणायचा कंटाळा आला की तुम्ही पाहू म्हणायचे.

त्या शेवटच्या सकाळी तुम्ही कोंबडा केला. मानेत बांबूची कामटी तासून, उकळून घातली. पिसं पेनाच्या टोपणानं दाबून काढली. राजाचं एक नख वाकडं होतं, फोटोत जेमतेम दिसत होतं, ते पण तुम्ही वाकडं केलं. मी एवढं सुरेख काम तुमच्याही हातून पाहिलं नव्हतं. मग तुम्ही पाट फिरवला.

'कुठी कमी हाये, सांग.'

'डोरे,' मी म्हटलं.

'दुसरं सांग.'

'दुसरं काईच कमी नाई.'

तुम्ही पाट फिरवत राहिले. मी पण हटणार नव्हते. म्हटलं, 'तुमाले नसन काढाचे तं मी काढतो. सिकवा मले आखनी.'

'साखरेवर सिकाची गोष्ट होय का ते?'

'मंग कायच्यावर सिकू? मातीपाशी बसू देल्लं का मले तुमी कधी?'

  तुम्ही हात धुतले आणि म्हणाले, 'भूक लागली. जेवून घेतो, मंग पाहू.' वांग्याची भाजी अन भात जेवले, खाटेवर आडवे झाले. मी कोंबडा फ्रिजमध्ये ठेवला आणि भांडी जरा जास्तच आपटत घासली, तुम्हाला ऐकू जावी म्हणून. चहा घेऊन आले तर तुम्ही गेलेले होते. एवढा गरम चहा, एवढ्या हाका, काहीच नाही.

भांडणानं तुमचा जीव गेला असं मी मानत नाही. भांडण आपलं रोजचंच होतं, त्यानं तर तुम्ही जगून होते. पण मंग पाहू म्हणून कोणी असं जाते का हो? तुम्ही काढायला बसणार होते का मला शिकवणार होते, का नुसता वेळ मारून नेत होते? सांगून तरी जायचं.

कमलबाई सिंदेवाहीवरून आल्या तोवर तुमची तयारी झाली होती. तुमची लेक, माझी नणंद, सगळं घर जिला वचकून असते ती. दिवस बुडायच्या आत तुम्हाला पोचवलं. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी चहाच्या दुधासाठी फ्रिज उघडला आणि किंचाळल्याच.

'अवो माय! घरात बाप मेला अन हे अंड्याचं भरून ठेवलं इथी? बाहीर काढ. गाईपुढं टाक.'

'गाय अंडं खाते का बाई?'

'मंग खड्ड्यात टाक! सुतकाच्या घरातून खायाचं बाहीर जात नाई, येवढं समजत नाई तुले?'

मी म्हटलं, 'हे मामाजी जित्ते होते तवा झालं. याले सुतक नाई लागत.'

त्या थांबल्या. मूर्ती करणाऱ्याच्या घरात वाढलेली बाई, तिचं लक्ष जाणार नाही असं होईल? वाकून पाहिलं. किती वेळ पाहिलं. बापाच्या हातचं होतं ना. मग ताठ झाल्या.

'झालं कुठी? डोरे कुठी हाये?'

'राह्यले.'

'मंग तू काढशीन ना आता? तुह्या हाताले सुतक हाये. मंग झालं ना हे सुतकाचं?'

 डोळे न काढता द्यावा तर बुढी मानणार नाही आणि राजा कापला जाणार. काढून द्यावा तर सुतकाचा. लोक म्हणतात इकडे आड तिकडे विहीर, माझ्या तर तिसऱ्या बाजूला तुम्ही उभे, डोळे काढले तर कापायचा नाही म्हणणारे. मेल्यावरही माझा रस्ता अडवून होते तुम्ही.

सुखदेवभाऊंना फोन लावत होते, लागत नव्हता. त्यांच्या गावात एका टेकडीवर चढलं तरच रेंज येते. दिनेश मुंडण करून अंगणात बसला होता, त्याला काही विचारण्यात अर्थ नव्हता. दुपार झाली तरी सुखदेवभाऊ आले नाही. मला वाटायला लागलं, कोणी सांगितलं असेल, येणारच नाहीत. बरं वाटलं की वाईट, काही समजेना. 

मग गाडीचा आवाज आला. रस्त्याच्या धानात हत्ती उतरले होते म्हणून ते फेरा मारून आले होते. नवा शर्ट घातलेला, मागं त्यांचा भाऊ बसलेला, केक मांडीवर धरायला. ताडपत्री अन बसलेले लोक पाहून त्यांनी गाडी दूरच बंद केली. जवळ येऊन हात जोडले, चवड्यावर बसले, जमिनीला हात लावला.

'मले मालूम नोतं बाई. राहू द्या केक.'

'मंग राजा?' मी विचारलं.

ते उठले, गाडीकडे निघाले. किक मारताना एवढंच म्हणाले, 'पोरीले समजावून सांगतो.'

कोणत्या पोरीला समजावून सांगता येते हो असं! मी ओरडले, 'थांबा भाऊ! आमचं सुतक चालते का तुमाले?'

'तुमच्या घरचं सुतक आमाले कसं लागन? बुढ्या बाबानं केलेला होय तो. मानाचाच होय आमाले.'

मी आत गेले. अंगणातल्या कोणाकडे पाहिलं नाही. दिनेश मागून म्हणाला, 'संगीता, लोक काय म्हनतीन?' मी म्हटलं, म्हणू दे. कोंबडा काढून ओट्यावर ठेवला. केशरी रंग कालवला, काळा कालवला, बारीक ब्रश घेतला. ब्रश कोंबड्यापाशी नेईपर्यंत केशरी थेंब ओट्यावरच पडला. आयुष्यात मी कधी आखणी केली नव्हती. साखरेच्या गोळ्या वळणं वेगळं. एक रेघ चुकली असती तर तुमचं सगळं काम गेलं असतं, आणि पुन्हा करायला तुम्ही नव्हते.

'उजवा आंदी.'

दारात कमलबाई उभ्या होत्या, माझ्याकडे पाठ करून.

'बाबा उजवा आंदी काढे. अन दम धर. डोरा पुरा होयपावतर सोडू नोको.'

'तुमाले सिकवलं होतं का बाई?'

'मले कोन सिकवते! दाराच्या फटीतून पाहो मी. लगन होयपावतर.'

मामाजी, मी पण फटीतूनच पाहत होते. आम्ही दोघी एकाच दाराला डोळा लावून होतो, वेगवेगळ्या वर्षांत, आणि तुम्ही आत श्वास धरून बसलेले. एकदा तरी दार उघडलं असतं तर काय बिघडलं असतं तुमचं? तुमच्यावरचा हा राग माझ्या मनातून जाणार नाही. ऐकून ठेवा.

मी दम धरला. उजवा केला. केशरी गोल, आत काळा ठिपका, त्याच्यात पांढऱ्याचा बारीक कण. श्वास सोडला, पुन्हा धरला, डावा केला. खोटं नाही सांगत, पांढरा कण पडला आणि कोंबडा माझ्याकडे पाहायला लागला.  तुम्ही एवढी वर्षं काय सांगत होते ते मला तेव्हा समजलं. याला कापू देऊ नये असंच वाटलं. छातीशी धरून बसावं वाटलं. आणि बाहेर सुखदेवभाऊ उभे होते.

खोक्याचं झाकण माझ्यानं लागेना. कमलबाईंनी लावलं.  खोकं उचलून माझ्या हातात दिलं आणि पुन्हा बायकांत जाऊन रडायला बसल्या.

संध्याकाळपर्यंत काही निरोप नाही. रस्त्यावर हत्ती, त्यांच्या भावाच्या मांडीवर केक, त्या रस्त्यावरचे खड्डे. वाटेत मान तुटली तर? पोचला आणि बुढीला पटला नाही तर? लोक तुमच्या आठवणी सांगत होते, मी हूं हूं करत होते. मोबाइल पदराखाली धरून बसले होते. दुसऱ्या दिवशी सुखदेवभाऊ टेकडीवर चढले असतील, तेव्हा व्हिडिओ आला.

अंगणात सगळे गोल करून बसलेले. पाटावर तुमचा कोंबडा. रोशनी खऱ्या राजाला काखेत आवळून उभी. बुढी केकपुढं बसली आणि पाहायला लागली. तुरा पाहिला, वाकडं नख पाहिलं, मग चेहरा जवळ नेऊन उजवा डोळा पाहिला, पाट फिरवून डावा पाहिला.   बुढीनं लुगड्याच्या ओच्यातून चिमूटभर तांदूळ काढून चोचीपुढं ठेवले. त्यांच्यात देवाला द्यायच्या कोंबड्यानं तांदूळ टिपले म्हणजे तो मान्य झाला असं असते. आणि तेवढ्यात राजा पोरीच्या काखेतून सुटला, धावत आला आणि ते तांदूळ टिपायला लागला. खरा राजा!  रोशनी किंचाळली, झडप घालून त्याला धरलं, पोटाशी घेऊन खाली बसली आणि आजीकडे पाहायला लागली. मी व्हिडिओवर बोट ठेवून थांबवला. पुढचं पाहायची हिंमत होईना.

मग पाहिलं. बुढी हसायला लागली होती, तोंडात दात नाही तरी एवढी हसली. 'हा तं पाहुना होय,' म्हणाली, 'याले जेवू द्या.' आणि सुरी पोरीच्या हातात दिली. पोरीनं शेपटीकडून कापायला सुरुवात केली. पिसं गेली, छाती गेली, लेकरं हात पुढं करून उभी. मान पोरीनं आजीसाठी ठेवली. बुढीनं ती उचलली, एकदा न्याहाळली, आतली कामटी काढून बाजूला ठेवली आणि डोळ्यांसकट खाल्ली. बोटं चाटली. राजा मागं अंगणात फिरून राह्यला होता.

मी तो व्हिडिओ किती वेळा पाहिला. कमलबाईंना दाखवला. त्यांनी मोबाइल परत द्यायला उशीर केला.

कापला मामाजी. माझ्या हातानं डोळे उघडले आणि मी कापू दिला, तुमच्या हातचा कोंबडा. तुमचं ऐकलं नाही मी. या ना आता, रागवा. केव्हाची वाट पाहून राह्यली मी.